जोडपाणी

मोहर्ली,
७ ऑक्टोबर २०२३

प्रिय खुशाल,
उमाजीचा रामराम.

मंगळवारी सकाळी मी काचेची टाकी पूर्ण रिकामी केली. मंगळवारी जंगलाचं गेट बंद असतं, लॉजवर पाहुणे नसतात, म्हणून हा वार मी त्या कामासाठी राखून ठेवला आहे. आंघोळ केली, दिवा लावला, मग मासळी जाळीनं बादलीत काढली. तळाचे पांढरे गोटे एकेक करून घासले. फिल्टरमधल्या स्पंजला मातीचा वास येत होता, तो उकळत्या पाण्यातून दोनदा काढला. काच आतून लिंबानं पुसली आणि नळाचं नवं पाणी सोडलं. घरी देवाचं ताम्हण घासतो तसंच सगळं केलं. पाणी इतकं निर्मळ झालं की टाकीत पाणी आहे हेच कळू नये.

दुपारी बघतो तर मासळी पांढरी.

तुला मुळापासून सांगतो. गुडघा आता तळ्याच्या गार पाण्यात उतरू देत नाही, म्हणून जूनपासून मी इथे एका लॉजवर कामाला आहे. मॅनेजर आपल्या चिचबोडीचाच, नीलाबाईचा धनराज. त्यानंच लावून दिलं. मालक नागपूरला असतो. त्यानं दर्शनी हॉलमध्ये सहा फुटी काचेची टाकी बसवली आणि सोनेरी विलायती मासे आणायचं ठरवलं. तेव्हा मी धनराजला म्हटलं, बाबा, आपल्या तळ्यात काय कमी रंग आहेत? काठवाली तुला आठवत असेल. बोटाएवढी, अंगावर लाल आणि निळे तिरपे पट्टे, लुगड्याच्या काठासारखे. मालकाला कल्पना आवडली. मी गावी जाऊन मच्छीमार संस्थेच्या बैठकीत उभा राहून बोललो. मला उभं राहून बोलताना तू जन्मात पाहिलं नसशील. संस्थेनं एकमतानं बावीस काठवाल्या दिल्या, आणि टाकीवर पितळेची पाटी लागली: ‘चिचबोडीच्या तळ्यातली मासळी’. रोज संध्याकाळी पाहुण्यांना तिची माहिती सांगायची, हे माझं काम.

आता त्या पाटीखाली धुतलेल्या चिंध्यांसारखी मासळी फिरते. काठ नाहीत, काही नाही. धनराज म्हणाला, “भाऊ, पाणी तर आरशावानी चमकून राह्यलं. मंग मासळी काऊन उतरली?”

मी म्हटलं, “तुया त्या दिव्यानं उतरली असन.” टाकीवर चार झगझगीत दिवे लावले आहेत त्यानं.

दोन काठवाल्या गेल्या. तू कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहेस, तुझ्या सरांना विचार. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि त्या बारक्या बटणांवर मला लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र. गुरुजींनी पत्र पुस्तकी भाषेत लिहायला शिकवलं ते अजून हाताला चिकटलेलं आहे, हसू नकोस.

तुझा
उमाजी


अहेरी,
१३ ऑक्टोबर २०२३

प्रिय उमाजी,
जय भीम.

हसलो नाही. माझ्याही हातून लेखणी धरली की ‘मले’चं ‘मला’ होतं.

सरांना विचारलं. त्यांनी तुझं पत्र वाचलं आणि म्हणाले, हा माणूस फार प्रामाणिक आहे, यानं स्वतःच उत्तर लिहून पाठवलंय. आता मी सांगतो ते न रागावता वाच.

मासळीच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाद्यातून पाण्यात एक विष तयार होतं, अमोनिया. डोळ्यांना दिसत नाही. तळ्यात ते साठत नाही, कारण गाळात न दिसणारे बारीक जीव असतात, ते त्याचा फडशा पाडतात. नव्या टाकीत ते जीव नसतात. ते येऊन वस्ती करायला महिना-दीड महिना लागतो आणि वस्ती करतात ती स्पंजमध्ये, गोट्यांवर, काचेच्या बुळबुळीत थरात. तू त्यांना दर मंगळवारी उकळतोस. वरून नळाचं औषध घातलेलं पाणी. मासळीला श्वास घेणं जड झालं की अंगावरचा रंग पहिला जातो. दिव्याचंही तुझं खरं आहे. खाली पांढरे गोटे, वर झगझगाट, लपायला जागा नाही, मग ती स्वतःच पांढरी पडून लपते. पांढऱ्या मुरमाच्या बोडीतली, छोट्या तळ्यातली, मासळी फिकी असते हे मी तुला सांगावं काय गा?

थोडक्यात, तुझी मासळी तुझ्या स्वच्छतेनं मरून राहिली आहे.

नथ्थू कंडक्टरकडे एक बाटली दिली आहे, चंद्रपूर स्टँडवरून घे. सोबतच्या काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घे आणि त्यात पाच थेंब टाक. पाणी पिवळं राहिलं तर ठीक, जितकं हिरवं तितकं विष.

आणि तू लिहिलंस की दोन गेल्या. त्या ओळीत तुझं अक्षर वाकडं झालं आहे.

तुझा
खुशाल


मोहर्ली,
१९ ऑक्टोबर २०२३

खुशाल यांस,

पत्र मिळालं. बाटली मिळाली, ती कपाटात ठेवली आहे.

माझे आजा-पणजा पाण्यावर जगले. पाणी खराब कसं होतं हे मला शाईच्या थेंबानं शिकवू नये. देवाच्या घरी आणि पाण्यात हात धुऊन जावं, हे मला माझ्या आईनं शिकवलं. त्यानं कोणी मेल्याचं मी ऐकलं नाही.

दोन म्हणजे दोन.

उमाजी


अहेरी,
३१ ऑक्टोबर २०२३

प्रिय उमाजी,

बारा दिवस झाले. सातवीत तू माझ्याशी आठ दिवस बोलला नव्हतास, पाटी फुटली म्हणून. हा नवा विक्रम झाला.

आमची केसरबाई रोज पोस्टमनची वाट बघते. काल म्हणाली, “त्या उमाजीभाऊले तुमी असं तोंडावर काऊन बोलता जी? देवमाणूस हाये तो.”

मी म्हटलं, “म्हणूनच तर मरून राह्यली त्याची मासळी.”

तेव्हापासून घरी माझ्याशीही कोणी बोलत नाही. माझं एक तरी भांडण मिटव.

खुशाल


मोहर्ली,
८ नोव्हेंबर २०२३

प्रिय खुशाल,

अकरा गेल्या.

पहिल्या पत्राच्या वेळीच पाच गेल्या होत्या. तुला दोन लिहिलं, धनराजला तीन सांगितलं आणि देवासमोर काहीच बोललो नाही. मेलेली मासळी मी पहाटे काढून बागेत पुरायचो आणि म्हणायचो, अजून स्वच्छ ठेवलं पाहिजे. मग अजून घासायचो.

आता काय झालं ते ऐक. स्वयंपाकघराच्या मागे मी एक काळी बादली ठेवतो. टाकीतलं घाण पाणी त्यात काढायचं आणि झाडांना घालायचं. गेल्या महिन्यात एकदा गडबडीत ती तशीच राहिली, मधे दुसऱ्या बादलीनं भागवलं. वर सागाचं पान पडलेलं. काल मंगळवारी टाकी धुवायला बादली हवी होती म्हणून पान उचललं, तर आतून काहीतरी सुळकन् फिरलं. काठवाली! केव्हा जाळीतून निसटून त्या पाण्यात पडली, मला ठाऊक नाही. पंधरा-वीस दिवस कोणी तिला खाऊ घातलं नाही, पाणी बदललं नाही, दिवा दाखवला नाही. खाली काळा गाळ, वर डासांची पिल्लं, पाणी चहासारखं. आणि खुशाल, तिच्या अंगावरचे पट्टे असे लाल की आत्ताच कुंकवाचं बोट ओढलंय.

मी तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसलो. गुडघा दुखत होता तरी बराच वेळ बसलो.

मग कपाटातून तुझी बाटली काढली. बादलीतल्या पाण्यात थेंब टाकले, पिवळं. टाकीतल्या त्या निर्मळ पाण्यात टाकले, तर धानाच्या कोवळ्या पऱ्ह्यासारखं हिरवंगार.

टाकी काल धुतली नाही. पुढेही धुणार नाही. गेल्या अकरांचं पाप माझ्या या हातांवर आहे आणि ते धुऊन जाणारं नाही. उरलेल्या दहा आणि ही बादलीतली एक, अशा अकरा आहेत. त्या मला जगवायच्या आहेत. कसं ते सांग.

केसरबाईंना म्हणावं, देवमाणूस वगैरे काही नाही.

तुझा
उमाजी


अहेरी,
१३ नोव्हेंबर २०२३

प्रिय उमाजी,
जय भीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मीही जरा जास्तच लिहिलं होतं, ते सोड.

रोज टाकीतलं दहावा भाग पाणी काढ आणि तेवढंच नवं घाल. नळाचं पाणी आधी दोन दिवस उघड्या टोपात ठेव. खाणं चिमूटभर, तेही एक दिवसाआड. दिवे बंद. हे सरांचं सांगणं झालं.

आता माझं ऐक. तू मला विचारतोस कसं जगवू? अरे, जोडपाणी विसरलास?

आपण चौथीत होतो तेव्हा आमच्या वस्तीनं स्वतःची बोडी खोदली. नवी बोडी पहिल्यांदा भरली की जुन्या तळ्यातलं मडकंभर पाणी आणि गाळ तिच्यात ओतायचा, ही तुमच्या ढिवरांची रीत, आणि मडकं ओतण्याचा मान तुझ्या घराण्याचा. आमच्या बोडीत मडकं ओतायला गावातल्या चार जणांनी तुझ्या बापाला मना केलं होतं. तो भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, मडकं डोक्यावर घेऊन आमच्या वस्तीत आला. मी आणि तू मागून पळत होतो. ओतताना तो एवढंच म्हणाला, ‘पाण्याले पाणी जोडलं.’ पहिल्याच सालातली मासळी आठव.

मी आता पूजाअर्चा मानत नाही, तुला ठाऊक आहे. पण सरांनी गाळातल्या जिवांबद्दल सांगितलं तेव्हा मला ते मडकंच दिसलं. तुझ्या बापाला अमोनिया माहीत नव्हता, उपाय माहीत होता. आणि पुढचा नियमही बघ किती शहाणा! एकदा पाणी जोडलं की पुढचा पावसाळा येईपर्यंत ते कोणी उपसायचं नाही, आणि त्यात दुसऱ्या पाण्याची मासळी सोडायची नाही.

काचेची टाकी दुकानातून आली म्हणून ती नवी बोडी नाही काय?

तुझा
खुशाल


मोहर्ली,
२२ नोव्हेंबर २०२३

प्रिय खुशाल,
रामराम.

तुझं पत्र वाचून मला माझीच लाज वाटली. चार नव्या बोड्यांत मी स्वतःच्या हातानं मडकं ओतलं आहे आणि इथे मला ते सुचलं नाही. काच बघून मी पाण्याला ओळखलंच नाही.

दुसऱ्याच दिवशी धनराजला विचारलं, गावाहून मडकं आणू काय? पाणी महिनाभर गढूळ दिसेल, पण मासळी वाचेल.

तो हसायचा थांबला. म्हणाला, “जोडपाणी? इथी?”

“हो. काऊन?”

“भाऊ, चार हजार रुपये रोजची खोली हाये. लोक वाघ पाहाले येतात, चिखल पाहाले नाई.”

“चिखलातच राहते ना मासळी.”

“आपणही चिखलातूनच वर आलो ना? मंग पुन्हा चिखल काऊन आणता इथी?”

हे तो रागानं बोलला नाही. काउंटरकडे बघत, हळू आवाजात बोलला, तिथे बसलेल्या मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून. आपण चिचबोडीचे आहोत हे इथे फारसं कोणाला त्यानं सांगितलेलं नाही. माझ्याशीही पाहुण्यांसमोर हिंदीत बोलतो.

मी म्हटलं, नीलाबाईला विचारू काय? तर म्हणाला, “आईले काही सांगू नोका.” त्याच्या मनात काय आहे ते मला तेव्हाच कळलं. पाणी एकदा जोडलं की उपसता येणार नाही आणि त्यात परकी मासळी सोडता येणार नाही, हे त्याला माझ्याइतकंच माहीत आहे.

चार दिवसांनी त्यानं एक पिशवी आणून दाखवली. आत मासे. एक गुलाबी, एक पोपटी, एक जांभळा, होळीच्या रंगांसारखे. विचारलं, हे असे कुठे होतात? तर म्हणाला, होत नाहीत, सुईनं रंग टोचतात.

“पाहा भाऊ, कसा रंग हाये. सहा महिने पक्का.”

“अन् सहा महिन्यानं?”

“दुसरे आणू.”

“अन् पाटी कोणती लावशीन?”

“पाटी हायेच ना. पितळेची हाये, कायले काढाची?”

म्हणजे बघ. सुईनं टोचलेले मासे, वर आपल्या तळ्याचं नाव, आणि रोज संध्याकाळी मी हात जोडून पाहुण्यांना सांगायचं की ही आमच्या चिचबोडीची मासळी. त्याच तोंडानं मी सात वाजता सामुदायिक प्रार्थनेला बसतो. मी सांगितलं, हे माझ्यानं होणार नाही. तो म्हणाला, “मंग बागेचं काम करा, सांगाले दुसरा ठेवतो.” मी विचारलं, या अकरांचं काय? तर खांदे उडवून म्हणाला, “कुत्र्याले घाला नाईतर पुरा, तुमाले सवय हाये.”

त्याला कसं कळलं कोण जाणे. पण ते खरं होतं.

रविवारी, तीन डिसेंबरला नवे मासे येतात. त्या दिवशी मालकही नागपूरहून येणार. टाकीत चिखल दिसला तर वर्दी काढून ठेवायची आणि घरी जायचं, असं धनराजनं मला सगळ्या नोकरांसमोर सांगितलं आहे.

दहावा भाग पाणी बदलतो आहे. आणखी कोणी गेलं नाही. हिरवा रंग थोडा उतरला आहे. पण रविवारपर्यंत काही पुरेसं होणार नाही.

तुझा
उमाजी


अहेरी,
२६ नोव्हेंबर २०२३

प्रिय उमाजी,
जय भीम.

मित्र म्हणून लिहितो, ऐकायचं नसलं तरी ऐक.

तुझं वय एकोणपन्नास. गुडघा गेलेला. तळ्यात उतरता येत नाही, मजुरी झेपत नाही. हे काम गेलं तर काय करशील? अकरा बोटभर मासळ्यांसाठी माणसानं आपल्या ताटावरून उठू नये. त्या अकरा बादलीत घाल, गावी ने आणि तळ्यात सोडून दे. टाकीत धनराज काय सोडतो ते त्याचं त्याला. पाटीचं खोटं त्याच्या माथी. तू बागेत काम कर, संध्याकाळी आपल्या प्रार्थनेला बस.

हे सगळं मी विचार करून लिहितो आहे.

तरीही तू काय करशील हे मला माहीत आहे. तू त्याच बापाचा आहेस. म्हणून याहून जास्त काही लिहीत नाही.

एक विचारायचं होतं. गोकुळावहिनींना वाचता येतं ना अजून नीट? चष्मा लागला काय? सहज विचारलं.

तुझा
खुशाल


चिचबोडी,
४ डिसेंबर २०२३

प्रिय खुशाल,
रामराम.

वरचं गावाचं नाव वाचून तुला कळलंच असेल. मी घरी आहे. आज सकाळी तळ्याच्या पाळीवर बसून जाळं विणलं. पाळीवर बसायला गुडघा लागत नाही. संस्थेचे लोक म्हणतात, वीण तूच, आम्ही ओढू. बघू.

गोकुळाला चष्मा लागला आहे आणि वाचताही येतं. तुझं पत्र तिनं नीलाबाईच्या ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं, अर्ध्या आळीनं ऐकलं. मला सांगतोस ताटावरून उठू नको, आणि तिकडे माझ्या बायकोला लिहितोस मडकं तयार ठेवा! सातवीतल्या पाटीचंही तूच केलं होतंस, आता मला खात्री पटली.

पण मडक्याचं मी, तू गोकुळाला लिहिलंस हे कळण्याआधीच ठरवलं होतं, एवढं मान्य कर. बादलीत घालून गावी न्यायचा तुझा सल्ला सोपा होता. मी त्यावर एक रात्र घालवली. मग मनात आलं, अकरा नेल्या तर अकरा वाचतील, पण पाटी तिथेच राहील आणि तिच्याखाली आपल्या तळ्याच्या नावानं टोचलेले मासे फिरतील. आणि ज्या पाण्यात मी अकरा मारल्या, ते पाणी तसंच मेलेलं सोडून मी निघून यायचं? ते पाणी मीच मारलं होतं. ते जिवंत करणं माझ्याच अंगावर होतं.

शनिवारी सुट्टी घेऊन गावी आलो. बघतो तर नीलाबाई माझ्याच अंगणात बसलेली. नवं लुगडं नेसलेली. शेजारी मडकं, तोंडाला फडकं बांधलेलं, अर्धं गाळ आणि अर्धं पाणी.

मी म्हटलं, “बाई, तुमी कायले येता? पोराची नोकरी हाये तिथी.”

“म्हणूनच येतो. माया पोराच्या घरी नवं पाणी भरलं अन् मले बलावलं नाई. हे कोणती रीत हाये?”

“ते घर नाई बाई, लॉज हाये.”

“तुमी मले लॉज शिकवू नोका उमाजी. चला, गाडी चुकन.”

रविवारी पहाटेच्या गाडीनं निघालो. चंद्रपूरला गाडी बदलली. कंडक्टर मडक्याचं तिकीट मागू लागला, तर ती म्हणाली, हे देवाचं आहे. तो म्हणाला, देवाचंही अर्धं लागतं. मग ती त्याला गाळ दाखवू लागली तेव्हा त्यानं नाद सोडला.

साडेदहाला पोचलो. जंगलातून जिप्सी नुकत्याच परतल्या होत्या आणि हॉल पाहुण्यांनी भरलेला होता. काउंटरवर थर्माकोलचा डबा, त्यात पाण्याच्या पिशव्या, पिशव्यांत ते गुलाबी-पोपटी मासे. मालक आला होता, सोफ्यावर चहा घेत होता. चारही दिवे लावलेले. माझ्या दहा एका कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे गोळा होऊन उभ्या.

नीलाबाई डोक्यावर मडकं घेऊन समोरच्या दारातून आत आली. चौकीदारानं सलाम ठोकला, कारण तिनं त्याच्याकडे तसं बघितलं. धनराज काउंटरमागून धावत आला. इतके दिवस हिंदीत बोलणारा, त्या घाईत चिचबोडीचं बोलून गेला.

“आई! तू इथी काऊन आली?”

“तुया टाकीत पाणी घालाले.”

“आई, पाहुणे हायेत. साहेब बसले हायेत.”

“मंग बरं झालं. साक्षीले माणसं लागतातच.”

मालकानं कप खाली ठेवला आणि विचारलं, “धनराज, ये क्या चल रहा है?” धनराज एकदा आईकडे बघायचा, एकदा मालकाकडे. त्याचा चेहरा असा उतरला होता की मला त्या मासळीची आठवण झाली, आणि त्याच्यावरचा माझा राग तिथेच अर्धा झाला.

मग मी बोललो. जन्मात दुसऱ्यांदा उभा राहून बोललो. मी म्हटलं, साहेब, या टाकीत बावीस आणल्या होत्या, अकरा राहिल्या. मारल्या कोणी? मी. फार घासून, फार धुऊन मारल्या. पाण्यात जे जिवंत असतं ते मी घाण समजून काढून टाकत होतो. या मडक्यात ते आहे. हे ओतलं की पाणी गढूळ होईल, महिनाभर कोणाला नीट दिसणार नाही, पण मासळी जगेल आणि तिचा रंग तिच्या अंगावर परत येईल. सुईनं टोचलेला मासा इथे सोडायचा असेल तर आधी पाटी काढा. पाटीवर आमच्या तळ्याचं नाव आहे. ते संस्थेनं दिलं आहे, मी मागून आणलं आहे, आणि मी जिवंत असेपर्यंत त्या नावाखाली खोटा मासा फिरणार नाही.

एका पाहुण्यानं फोन काढून फोटो घ्यायला सुरुवात केली. सोफ्यावरची एक बाई मालकाला म्हणाली, “सही तो बोल रहे हैं.” मालकानं कप पुन्हा उचलला. मालक लोक पाहुण्यांसमोर गप्प बसतात.

धनराज माझ्याजवळ आला. आवाज खाली करून म्हणाला, “भाऊ, ओतलं तर वर्दी ठेवा लागन. मी सगळ्यांसमोर बोललो हावो.”

“माहीत हाये मले.”

“अन् पाणी मले उपसता येनार नाई. हेही माहीत हाये तुमाले.”

“म्हणूनच आणलं, बापा.”

नीलाबाईनं ते ऐकलं. ती मुलाला म्हणाली, “अन् कोणी दुसऱ्यानं उपसलं तर तू त्याले पुसजो, कोण्या गावचा हाये म्हणून. मंग आपलं गाव सांगजो. लाजू नोको.”

आज सकाळी त्याचा गोकुळाच्या फोनवर फोन आला होता. माझ्याशी बोलला नाही. आईला एवढंच सांग म्हणाला की पाणी तसंच आहे, दोन दिवे त्यानं काढले आणि तो डबा परत पाठवला. मालक काय म्हणाला ते त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

आता रविवारचं उरलेलं सांगतो आणि पत्र संपवतो. मी घरचेच कपडे घालून गेलो होतो. वर्दी धुऊन, घडी करून पिशवीत नेली होती. ती काउंटरवर त्या थर्माकोलच्या डब्याशेजारी ठेवली. टाकीचं झाकण उघडलं. बाह्या वर करून पांढरे गोटे ओंजळीनं बाहेर काढले, काही जमिनीवर घरंगळले, कोणी उचलले नाहीत. काळ्या बादलीतली ती लाल काठवाली पोळी ठेवायच्या डब्यातून आणली, तिला सगळ्यांत आधी आत सोडली. मग नीलाबाईनं मडक्याचं फडकं सोडलं. तिथे, त्या गार केलेल्या हॉलमध्ये, एकदम आपल्या तळ्याचा वास आला. पाणी कमी झाल्यावर पाळीजवळ येतो तोच. माझ्या बापानं तुमच्या वस्तीत जे म्हटलं होतं तेच मी मनात म्हटलं, मडकं दोन्ही हातांनी उचललं, आणि सगळ्यांच्या देखत ओतलं.

तुझा
उमाजी